चांगले करताना येणारा थकवा आणि पौलाचे गलतीकरांस सांगणे

नगरवासी

सर्वांना सलाम.

आमच्या ख्रिस्ती मंडळीतर्फे नगर जिल्ह्याच्या पूर्व भागातील एका गावात संध्याकाळचा अभ्यासवर्ग चालतो. येणारी बहुतेक मुले ऊसतोड मजुरांची आहेत आणि त्यांतली अगदी थोडी ख्रिस्ती घरांतली आहेत. जूनपासून दसऱ्यापर्यंतचा काळ बरा जातो. त्यानंतर उचल (आगाऊ रक्कम) घेतलेली कुटुंबे टोळीबरोबर कारखान्यांच्या वाटेला लागतात. आईवडील मिळून एक कोयता, म्हणजे ऊस तोडणारी जोडी, होतो, मूल त्यांच्याबरोबर कोपीवर (तात्पुरत्या झोपडीत) जाते, आणि धाकट्या भावंडाला सांभाळण्यात व वाढे (उसाचे शेंडे) गोळा करण्यात त्याचे सहा महिने निघून जातात. कारखान्याचा पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, मुले परत येतात तेव्हा जोडाक्षरांपासून पुन्हा सुरुवात करावी लागते. गेली काही वर्षे हेच चालले आहे. यंदा शिकवणाऱ्यांपैकी दोघांनी आपण थांबत असल्याचे कळवले, आणि मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंच कमिटीच्या बैठकीत, कोणाचाही वाईट हेतू नसताना, या कामाचे फळ काय असा प्रश्न निघाला.

त्या बैठकीत एका ज्येष्ठ बंधूंनी बायबलमधील, प्रेषित पौलाने गलतीयातील मंडळ्यांना लिहिलेल्या, गलतीकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायातील नववे वचन वाचले. चांगले करण्याचा कंटाळा करू नये, न खचल्यास यथाकाळी पीक पदरी पडेल, हे त्यातले आश्वासन आपल्या सर्वांच्या पाठातले आहे. परंतु थकलेल्या माणसासमोर ते वाचले गेले की कानउघाडणीसारखे वाटते, आणि माझ्या सहकाऱ्यांना ते तसेच वाटले. म्हणून मी ते पत्र पहिल्यापासून सलग वाचून काढले, आणि मला आश्चर्य वाटले ते असे की हे वचन लिहिणारा पौल स्वतः त्या वेळी विजयाच्या सुरात बोलत नाही. पहिल्याच अध्यायात, तुम्ही इतक्या लवकर दुसऱ्या सुवार्तेकडे कसे वळलात, असे तो विचारतो. चौथ्या अध्यायात, तुमच्यासाठी केलेले श्रम कदाचित व्यर्थ गेले असावेत अशी मला भीती वाटते, असे तो उघड लिहितो. तो आजारी असताना याच लोकांनी त्याला देवदूतासारखे मानले होते, शक्य असते तर आपले डोळे काढून दिले असते. आणि आता तोच त्यांना शत्रू वाटू लागला आहे. तुमच्यासाठी मला पुन्हा प्रसूतिवेदना होत आहेत, असेही त्याच अध्यायात आहे. एकदा झालेले काम पुन्हा पहिल्यापासून करावे लागणे म्हणजे काय, हे त्याला आमच्यापेक्षा चांगले ठाऊक होते.

तेव्हा खचू नका असे सांगणारा माणूस खचण्याच्या काठावर उभा राहून ते सांगतो आहे, हे मला समजले. परंतु तेवढ्याने पुढच्या दसऱ्याचा प्रश्न सुटत नाही. ज्यांच्या मंडळ्यांत फळ दिसत नसतानाही एखादे काम दीर्घकाळ टिकले, त्यांनी ते कसे टिकले हे लिहावे अशी विनंती आहे. केवळ वचने पाठवू नयेत. ती माझ्याजवळ आहेत.

निवृत्त पाळक

भाऊ, शेवटचे वाक्य वाचूनही मी एका वचनाकडेच वळतो आहे, त्याबद्दल रागावू नका. गलतीकरांस पत्रातील वचन सर्वांना पाठ असते, पण जवळजवळ तेच सांगणे थेस्सलनीकाकरांस दुसऱ्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायातही आहे, आणि तिथला संदर्भ सहसा वाचला जात नाही. त्या मंडळीत काही जण काम सोडून इतरांच्या भाकरीवर जगत होते आणि नको त्या उठाठेवी करत होते. ज्याला काम करायची इच्छा नाही त्याने खाऊही नये, हा पौलाचा कठोर नियम तिथेच आहे, आणि आपण स्वतः रात्रंदिवस श्रम करून आपली भाकरी खाल्ली याची आठवणही तो तिथेच करून देतो. या सगळ्यानंतर लगेच, बंधूंनो, तुम्ही मात्र बरे करताना खचू नका, असे तो लिहितो.

चांगुलपणाचा गैरफायदा घेतला जातो आहे हे दिसल्यावर चांगल्या माणसाच्या मनात पहिला विचार हात आखडता घेण्याचा येतो. पौल गैरफायदा घेणाऱ्याला आळा घालतो, आणि त्याच श्वासात देणाऱ्याला थांबू नको म्हणतो. आळा घालतानाही त्या माणसाला शत्रू समजू नका, भाऊ समजून बोध करा, ही अट दोन वचनांनंतर आहेच. माझ्या सेवेच्या काळात गरजूंसाठीचा धान्यनिधी दोन वेळा बंद पडण्याच्या बेतात आला होता, आणि दोन्ही वेळा कारण पैशाची टंचाई नव्हते, तर एका-दोघांनी फसवल्यामुळे सर्वांचे मन उडाले होते. नियम बदलले आणि निधी चालू राहिला. मुलांच्या वर्गाला हे जसेच्या तसे लागू होत नाही हे मला मान्य आहे. पण तुमच्या सहकाऱ्यांचा थकवा कामाचा आहे की मुलांच्या पालकांविषयीच्या रागाचा, हे एकदा त्यांना प्रेमाने विचारून पाहा.

निरीश्वर नाना

मी श्रद्धावान नाही, पण या विषयात मला रस आहे, म्हणून एक प्रश्न विचारतो. चांगले करत राहा, पीक पदरी पडेल, या सांगण्यात आणि व्यापारी हिशेबात फरक काय? आमच्या घरी लहानपणापासून गीतेतला कर्मावरच अधिकार आणि फळावर नाही हा श्लोक ऐकला आहे. तो पाळणे अवघड असले तरी त्यात निदान लाभाची लालूच नाही. तुमचा पौल मात्र शेतकऱ्याला पिकाचे आमिष दाखवतो असे वाटते.

नगरवासी

नाना, प्रश्न रास्त आहे आणि तो मंडळीतही विचारला गेला पाहिजे. पौल फळाची आशा सोडायला सांगत नाही, हे तुमचे निरीक्षण बरोबर आहे. ख्रिस्ती विचारात आशा ही सोडून देण्याची गोष्ट नाही. मात्र त्या वचनातील काळ आपल्या हातात दिलेला नाही, आणि पीक कोणत्या रूपात येईल हेही सांगितलेले नाही. व्यापाऱ्याला या दोन्ही गोष्टी आधी ठरवून हव्या असतात. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात राजा ज्यांना उजवीकडे उभे करतो, त्यांना तो म्हणतो की मी भुकेला होतो आणि तुम्ही मला खायला दिले. त्यावर ते गोंधळून विचारतात की प्रभू, आम्ही तुला कधी भुकेला पाहिले? त्यांनी हिशेब ठेवलेलाच नव्हता. बक्षीस आहे, पण ज्यांना ते मिळते त्यांना ते आठवतही नाही, अशी ती विलक्षण रचना आहे. माझी स्वतःची अवस्था तशी नाही हे कबूल करतो, कारण हजेरीपट मी रोज पाहतो.

जुन्नरकर

नगरचाच विषय निघाला आहे म्हणून सिंथिया फरार यांची आठवण करून देते. अमेरिकन मराठी मिशनच्या या अविवाहित शिक्षिका १८२७ मध्ये मुंबईत आल्या, १८३९ मध्ये नगरला गेल्या आणि १८६२ मध्ये नगरलाच वारल्या. म्हणजे जवळजवळ पस्तीस वर्षे त्यांनी मुलींच्या शाळा चालवल्या. त्या काळात मुलगी अक्षरे जोडू लागते न लागते तोच तिचे लग्न होत असे आणि शाळा सुटत असे. दरवर्षी वर्ग रिकामा होणे म्हणजे काय, हे त्यांना नवे नव्हते.

त्यांच्या कामाचे फळ कोठे आले पाहा. जोतीराव फुले यांनी नगरला जाऊन मिशनच्या मुलींच्या शाळा पाहिल्या, आणि १८४८ मध्ये पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. सावित्रीबाईंचे अध्यापनाचे काही प्रशिक्षण फरारबाईंकडे झाले असेही सांगितले जाते. फरारबाई आल्या होत्या सुवार्तेसाठी. जोतीराव ख्रिस्ती झाले नाहीत, त्यांनी स्वतःचा मार्ग काढला. मिशनच्या अहवालाच्या रकान्यांत मावणारे हे फळ नव्हते, तरीही महाराष्ट्रातील मुलींच्या शिक्षणाचा इतिहास त्या शाळांना वगळून लिहिता येत नाही. एक पेरतो आणि दुसरा कापतो, हे योहानाच्या चौथ्या अध्यायातील प्रभूचे बोलणे मला इथे आठवते. आपल्या मंडळ्यांना मात्र आपण पेरलेले आपल्याच अंगणात उगवावे असे वाटते, आणि माझ्या मते अर्धा थकवा तिथून येतो.

केडगाव स्टेशन

पंडिता रमाबाईंचे नाव अजून कसे आले नाही? अर्थात त्यांचे नाव घेताना आपल्या प्रवचनांत एक खोड आहे. दुष्काळातल्या मुली, मुक्ती मिशन हा त्यांचा आश्रम, बायबलचे भाषांतर एवढे सांगून त्यांना एकदम उंच चौथऱ्यावर बसवले जाते, आणि ऐकणाऱ्याला वाटते की हे आपल्याच्याने होणारे नाही.

मधली वर्षे पाहिली पाहिजेत. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत त्यांचे शारदा सदन (विधवा आणि मुलींसाठीची निवासी शाळा) सुरू झाले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यात आले. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखे लोक सल्लागार होते. १८९३ मध्ये सदनातील मुलींना ख्रिस्ती धर्माकडे वळवले जाते या आरोपावरून वादळ उठले, सल्लागारांनी राजीनामे दिले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. चार वर्षांचे काम डोळ्यांदेखत निम्मे झाले. त्यानंतर त्या गप्प बसल्या नाहीत, पण मोठी घोषणाही केली नाही. उरलेल्या मुलींना शिकवत राहिल्या. पुणे जिल्ह्यातील केडगावला जमीन घेऊन ठेवली होती. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी मुली आणल्या, १९०० मध्ये गुजरातेतून आणल्या, आणि त्या सुमारास मुक्तीमधील संख्या दोन हजारांच्या आसपास गेली. रिकाम्या झालेल्या सदनात राहण्याची सवय नसती तर दुष्काळाच्या वर्षी इतक्या जणींना पोटाशी धरण्याची हिंमत झाली असती का, असे मला नेहमी वाटते.

भाषांतराविषयीही एक गोष्ट सांगतो. हिब्रू आणि ग्रीक शिकून, साध्या बायकांना समजेल अशा मराठीत संपूर्ण बायबल आणण्यासाठी त्यांनी आयुष्याची अखेरची वर्षे घालवली. एकुलती कन्या मनोरमा १९२१ मध्ये गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या, आणि संपूर्ण बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. आज आपल्या मंडळ्यांत ते भाषांतर वाचले जात नाही. मग ते काम वाया गेले का? मी दोन्ही बाजूंनी विचार केला आहे आणि माझे उत्तर नाही असेच आहे, कारण मुक्तीच्या छापखान्यात खिळे (छपाईची अक्षरे) जुळवणाऱ्या बायका ते करता करता वाचायला आणि कमवायला शिकल्या.

निरीश्वर नाना

१८९३ च्या वादाचा उल्लेख केलात हे बरे झाले. पण सल्लागारांची तक्रार अगदी निराधार होती असे सुचवू नका. मुली प्रार्थनेला बसत होत्या आणि पालकांना ते मान्य नव्हते. अन्यायाची बाजू एकच नसते.

केडगाव स्टेशन

नाना, तसे सुचवायचे नव्हते. पालकांची भीती त्यांच्या जागी खरी होती, आणि प्रार्थनेच्या वेळी आपल्या खोलीचे दार उघडे असे, हे रमाबाईंनीही लपवले नाही. माझा मुद्दा एवढाच की ज्यांच्या पाठिंब्यावर काम उभे होते ते गेल्यावर त्यांनी काम मोडले नाही आणि गेलेल्यांच्या निंदेतही वेळ दवडला नाही. आपल्याकडे बंद पडलेल्या बहुतेक कामांचा शेवट या दुसऱ्या गोष्टीत झालेला आढळतो.

वसईची वाडी

आम्ही कॅथलिक, त्यामुळे धाग्यात थोडा वेगळा सूर लावते. आमच्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) गरजूंना मदत करणाऱ्या सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचे काम आहे. फ्रेडरिक ओझानाम हा वीस वर्षांचा विद्यार्थी आणि त्याचे मित्र यांनी १८३३ मध्ये पॅरिसमध्ये ती सुरू केली. चर्चामंडळात त्यांना कोणी तरी टोकले होते की तुमच्या चर्चने पूर्वी खूप केले असेल, आज तुम्ही काय करता? (प्रत्येक मंडळीला एक नाना हवेत, हे त्यावरून लक्षात येते.) मला सांगायचे आहे ते त्यांच्या पद्धतीविषयी. गरजूच्या घरी शक्यतो एकट्याने जायचे नाही, जोडीने जायचे, आणि परत आल्यावर ठरलेल्या सभेत बसून जे पाहिले ते सांगायचे. मदत मोठी नसते. पण एका घरातले दुःख एकाच माणसाच्या छातीवर बसत नाही, आणि एक जण आजारी पडला तर त्या घराचा रस्ता दुसऱ्याला ठाऊक असतो.

तुमच्या थांबलेल्या दोन शिक्षकांविषयी वाचून मला जुन्या करारातला संदेष्टा एलीया आठवला. राजे या पहिल्या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात तो रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागतो. कर्मेल डोंगरावरचा मोठा विजय नुकताच झालेला आहे, तरी. देवदूत त्याला बोध करत नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई देतो, झोपू देतो, आणि पुन्हा उठवून खायला घालतो, कारण पुढची वाट त्याला झेपणारी नाही. प्रश्न विचारणे होरेब डोंगरावर पोचल्यावर येते. तिथेही, मी एकटाच उरलो आहे, या त्याच्या म्हणण्याला दोन उत्तरे मिळतात: सात हजार अजून शिल्लक आहेत, आणि अलीशाला तुझ्या जागी अभिषेक कर. जेवण, झोप, सोबती आणि वारस. थकलेल्या सेवकाला देवाने दिलेल्या या गोष्टी आपण देत नाही, आणि वचन मात्र लगेच देतो.

निवृत्त पाळक

वसईच्या ताईंचे म्हणणे मनापासून पटले. सेवकाला रजा देताना त्याच्या विश्वासाविषयी शंका घ्यायची नसते, हे पंच कमिट्यांना शिकवावे लागते. एक भर घालतो. पौलाने ते पत्र एका व्यक्तीला लिहिले नव्हते, गलतीयातील मंडळ्यांना लिहिले होते, आणि एकमेकांची ओझी वाहा हे त्याच अध्यायाच्या सुरुवातीला आहे. ते वचन दोन थकलेल्या शिक्षकांना एकेकटे गाठून ऐकवणे म्हणजे पत्ता चुकवणे होय.

कोरडवाहू

मी शेती करतो, मंडळीत फारसा बोलत नाही. याकोबाच्या पाचव्या अध्यायात शेतकरी पहिल्या आणि शेवटच्या पावसाची धीराने वाट पाहतो असे आहे. शहरातल्या प्रवचनात याचा अर्थ बांधावर बसून आभाळाकडे पाहणे असा होतो. ज्वारी पेरल्यावर आम्ही कोळपणी करतो, पाखरे राखतो, आणि पहिली पेर मोडली तर दुबार पेरतो. दुबार पेरताना कधी बियाणे बदलतो, कधी पीकच बदलतो. एवढेच म्हणायचे होते.

जिल्हा परिषद शिक्षिका

शेवटच्या प्रतिसादाचा धागा मी पुढे नेते, कारण मूळ लेख वाचल्यापासून मला एक गोष्ट टोचते आहे. धीर धरणे आणि तीच पद्धत चालू ठेवणे यांची गल्लत होत आहे. मुले दसऱ्यानंतर जाणार हे दरवर्षी ठाऊक असते. मग वर्गाचे काम जूनमध्ये सुरू होऊन दसऱ्याला का संपते? स्थलांतर करणाऱ्या पालकांच्या मुलांसाठी गावातच हंगामी वसतिगृहाची शासकीय योजना आहे. आजी-आजोबा किंवा नातेवाईक घरी असतील तर मूल गावात राहते आणि त्याच्या जेवणाची सोय होते. प्रस्ताव शाळा व्यवस्थापन समितीमार्फत वेळेत जावा लागतो, आणि अनेक गावांत तो कोणी मागे न लागल्यामुळे जात नाही किंवा उशिरा जातो. जी मुले जाणारच, त्यांना शिक्षण हमी पत्रक देता येते, म्हणजे जिथे जातील तिथल्या शाळेत त्यांना कागदपत्रांवाचून बसता येते. प्रत्यक्षात तीन वर्षांच्या भावाला सांभाळायला कोणी नसल्यामुळे मोठी बहीण शाळेत जात नाही, हेही मी पाहिले आहे. पत्रकाने तो प्रश्न सुटत नाही. तरी ऑगस्टमध्ये पालकांबरोबर बसले तर दहा घरांपैकी काही घरे विचार बदलतात.

मी ख्रिस्ती नाही, पण पौलाविषयी एवढे वाचून विचारते: त्याने कधी मार्ग बदलला नाही का?

केडगाव स्टेशन

बाई, बदलला. प्रेषितांच्या कृत्यांच्या सोळाव्या अध्यायात तो याच गलतीयाच्या मुलखातून जात असताना आशिया प्रांतात वचन सांगण्यास त्याला मनाई झाली, बिथुनियाकडे जाऊ लागला तर तिकडेही वाट मिळाली नाही, आणि शेवटी त्रोवसला दृष्टान्त होऊन तो मासेदोनियाला गेला. काम तेच राहिले, रस्ता दोन वेळा सोडावा लागला.

मिरजकर

धागा उशिरा वाचला. नगरवासी भाऊ, तुमची मुले हंगामात जिथे जातात ते आमचे अंगण आहे. सांगली-कोल्हापूर भागातील कारखान्यांवर नगर आणि बीडच्या टोळ्या येतात, आणि आमच्या मंडळीपासून जवळच दरवर्षी कोप्यांची वस्ती पडते. आमचे महिला मंडळ नाताळाला तिथे कपडे आणि फराळ वाटून येते. इतकी वर्षे आम्ही हेही विचारले नाही की यांतली मुले कोणत्या गावची, काय शिकत होती आणि कुठपर्यंत आली होती. आठवड्यातून तीन संध्याकाळी कोप्यांवरच वर्ग घेणे आम्हाला शक्य आहे. तरुण संघातील दोघे-तिघे तयार होतील असे मी समजतो, आणि वसईच्या ताईंनी सांगितले तसे जोडीनेच पाठवू. धाकट्या भावंडांना सांभाळायला मंडळातील एखादी मावशी बरोबर येईल.

मात्र तुमच्याकडून दोन गोष्टी लागतील. कोणत्या गावची टोळी कोणत्या कारखान्याला जाते हे टोळ्या नेणाऱ्या मुकादमांकडून आधी समजले पाहिजे, आणि प्रत्येक मूल कुठपर्यंत शिकले आहे याची वही आमच्यापर्यंत आली पाहिजे, नाहीतर आम्हीही जोडाक्षरांपासूनच सुरू करू.

नगरवासी

मिरजकर दादा, मुकादमांशी बोलणे सोपे नाही, त्यांना शिक्षणाचा विषय नको असतो. पण दोन मुकादम ओळखीचे आहेत आणि तिथून सुरुवात करतो. सगळ्या टोळ्या तुमच्या भागात येत नाहीत, काही कर्नाटकात जातात, त्या मुलांसाठी माझ्याजवळ आज उत्तर नाही. थांबलेल्या दोघांना नाताळापर्यंत रजा द्यावी आणि तोवर शब्बाथ शाळेचे (रविवारच्या धर्मशिक्षण वर्गाचे) शिक्षक जोडीने वर्ग घेतील, असे पंच कमिटीपुढे ठेवणार आहे. शिक्षिकाताई, वसतिगृहाच्या प्रस्तावाविषयी मुख्याध्यापकांना या आठवड्यात भेटतो. कोणते कागद लागतात ते कृपया इथेच लिहा, म्हणजे इतर मंडळ्यांनाही उपयोग होईल. मुलांची नावे आणि वह्यांचा तपशील मात्र इथे न लिहिता दादांना व्यक्तिगत निरोपाने पाठवतो.